आमचंच मशीन आम्हाला दान

"चेहरा जरा पाडून ठेव गं. एवढी हसलीस तर लोकांना पटणार नाही."

हे मॅडम मला म्हणाल्या. चिंचवडच्या एका हॉलमध्ये, स्टेजच्या मागं, माझीच ओढणी माझ्या डोक्यावर ओढत. मॅडमची साडी इतकी कडक, की माशी बसली असती तर घसरून पाय मोडून घेतला असता. माझ्या छातीवर बिल्ला टोचलेला. निर्वासित भगिनी. शेजारी आई, तिच्याशेजारी मासी, म्हणजे माझी मावशी. त्यांनाही तेच बिल्ले. बाजारात म्हशींना नंबर लावतात तसे.

लहान असताना मी सिंधमधून इथं आले. दापोडीत राहिलो, मराठी शाळेत शिकले. शाळेत मला नाव नव्हतं. "ए पाकिस्तान, डस्टर दे." एवढा मोठा देश, आणि मी एकटी तो बाकावर सांभाळून बसायची. तिकडं हॉटेलात आमचा पेला वेगळा ठेवायचे, कारण आम्ही खालच्या जातीचे. इकडं पेला सगळ्यांचा. आम्हीच वेगळे.

आई आणि मासी चिंध्या जोडून रली शिवायच्या. रली म्हणजे आमच्या सिंधची गोधडी. त्याच हातांनी आम्ही तिघींनी कामगारांचे कापडी हातमोजे शिवायला घेतले. मोजा असा, की घालून निखारा उचललात तर निखाऱ्यालाच थंडी वाजेल! चाकणच्या एका कंपनीनं ऑर्डर दिली. आमची पहिली. त्या मालकाची बायको म्हणजे ह्या मॅडम, महिला मंडळाच्या अध्यक्षा.

आदल्या दिवशी त्यांचा माणूस टेम्पो घेऊन आला होता. "कार्यक्रमात तुमचं काम दाखवायचंय. एक मशीन द्या." आईनं स्वतःचं दिलं. पुसून, तेल घालून दिलं.

आता आम्हाला स्टेजवर उभं करून निवेदक गरजला, "ह्या भगिनींकडे काहीही नव्हतं! आज मंडळ त्यांना त्यांच्या आयुष्यातलं पहिलं शिलाई मशीन भेट देत आहे!"

पडदा सरकला. फुगे. झिरमिळ्या. गुलाबी रिबिनीची एवढी थोरली गाठ, की आत हत्ती बांधलाय असं वाटावं. आत आमचं मशीन. आईनं भंगारातून आणून उभं केलेलं, पट्ट्याच्या जागी दोरी असलेलं. तेच.

टाळ्या. आईनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"घे. गप घे. घरी जाऊ."

ती का घाबरलीय ते मला कळत होतं. ऑर्डर गेली तर चूल बंद. आणि नागरिकत्वाचे आमचे कागद अजून कच्चे. मॅडमच्या मिस्टरांची वरपर्यंत ओळख.

फोटोवाला ओरडला, "ताई, हात जोडा! हात!"

मी उचललेच होते. तेवढ्यात मासीकडं लक्ष गेलं. तिनं जोडले होते. सुईनं चाळण झालेले हात. स्वतःच्या बहिणीच्या मशीनसमोर.

मी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. घेतला कसला, हिसकावला.

"हे मशीन माझ्या आईचं आहे. काल तुमच्या माणसानं दाखवायला म्हणून आमच्या घरातून नेलं. आमचंच आम्हाला देताय, मग टाळ्या कुणासाठी?"

हॉल असा गप झाला, की तिकडं पुनावळ्यात कुणी वाटाणा सोलला असता तरी ऐकू आलं असतं. हे थोडं वाढवून सांगतेय.

मॅडम हसत हसत जवळ आल्या. फोटो चालू होते ना. दातांतून कुजबुजल्या, "कागदांसाठी कुणाच्या दारात यावं लागणारय, विसरलीस? मिस्टरांचा एक फोन, की परत जाल तिघी."

मी घाबरले. खोटं कशाला बोलू. मग मी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, हे मोठ्यानं सांगा. सगळ्यांना."

मॅडमच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, डिंकानं चिकटवल्यासारखं. मागच्या रांगेतून कुणीतरी बाई म्हणाली, "बोला की आता!"

आई पुढं झाली. रिबिनीची गाठ सुटेना, तर तिनं दातांनी सोडली. मशीन आम्ही तिघींनी उचललं. पायऱ्यांवर मदतीला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर गेली. आईनं मला माफ केलंय, असं अजूनही नाही. जिन्यात बुटांचा आवाज आला की पोलीस आले वाटून तिन्ही मशीनं थांबतात. आवाज वर गेला की पुन्हा सुरू.

मोज्यांची पिशवी घेऊन मी चाकणला गेटागेटावर जाते. वॉचमन विचारतो, "कुठल्या तुम्ही?" सिंधच्या. दापोडीत राहतो. मोजा घालून बघा. पसंत पडला तर घ्या, नाही तर पुढचं गेट आहे. निर्वासित म्हणून कुणी जास्त भाव देऊ नये, कमीही देऊ नये. दया म्हणून ऑर्डर देणार असाल तर देऊच नका. आणि आमच्या कागदांची धमकी द्यायची असेल, तर चारचौघांत द्या. कानात दिलेली मी ऐकणार नाही.