ऊन कुठं एका जागी बसतं

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शिक्षक आहे. दर बुधवारी सकाळच्या एसटीत तो भेटतो. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. मांडीवर लसींचा निळा डबा असतो आणि डब्यावर कायम एक पंजा, झोपलेल्या बाळावर ठेवावा तसा. आतला बर्फ शेवटच्या पाड्यापर्यंत टिकला, तरच तिथल्या बाळांना लस मिळणार.

घाटात बस वळली की ऊन बाजू बदलतं. मग तोही डबा उचलून सावलीकडे जातो आणि तिथलं कुणीतरी मुकाट्याने उठून त्याला जागा देतं.

नाशिकहून बदली होऊन आलो, तेव्हा पहिल्याच बुधवारी उठायची पाळी माझ्यावर आली. मी कुरकुरलो, "अहो, एका जागी बसा की."

तो हसला. "मी बसंन सर, पन ऊन कुठं एका जागी बसतं?"

अख्खी बस हसली. मी उठलो.

परवा शुक्रवारी तो बसमध्ये असायचं कारणच नव्हतं. तरी वळण आलं आणि मी सावलीतली जागा सोडून उभा राहिलो. पाहतो तर आणखी तिघं तशीच जागा सोडून उभी होती.