जपानी येणारे बाबा

काल गरम पाण्याची नवी पिशवी उघडली आणि रबराच्या वासाने मला थेट रियाधला, मलाझ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं. आखाती युद्ध पेटलेलं. संध्याकाळी क्षेपणास्त्र हल्ल्याचा भोंगा वाजला. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून आम्ही तिघं बाबांच्या ऑफिसातून मिळालेले रबरी गॅस मास्क चढवायला लागलो. आई काही तो घालेना. "मला गुदमरतं हो त्यात. व्हायचं ते होऊ दे."

टीव्हीवर कॅसेट चालू होती. अमेरिकन आणि जपानी कंपन्यांनी मिळून भरवलेल्या कुस्त्या, आणि समालोचन सगळं जपानीत. बाबांनी आपला मास्क कपाळावर सरकवला आणि खणखणीत मराठीत 'भाषांतर' सुरू केलं. "मंडळी, अमेरिकेच्या रेड्यासमोर जपानचा मुखवटेवाला! मारली ढाक! आणि आता मैदानात उतरतायत, मुखवट्यासह, नाशिकच्या सुमनताई!"

"अहो, काहीतरीच काय तुमचं!" आईला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच बाबांनी तिला मास्क चढवला.

बाबांना जपानी येतं, असं मी कितीतरी वर्षं मैत्रिणींना ऐटीत सांगत होते. बाबांचा त्या संध्याकाळचा चढा आवाज भीतीचा होता, हे आता कळतं. त्या मुखवटेवाल्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण त्याला आणि बाबांना मनोमन मुजरा करते.

धोका टळल्याचा भोंगा झाला. बाबा टीव्ही बंद करायला उठले, तर मास्कमधून आईचा घुमणारा आवाज आला, "थांबा हो! कुस्ती निकाली होऊ दे."