गाठोड्याचं पान

एका प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेत लिहिलेलं वाचून ते चालवणारा प्रोग्राम, आतून कसा चालतो, ते माणसांना समजेल असं लिहून काढणं हे माझं काम. रत्नागिरीत घरी बसून करते. स्वभाव खुसपटं काढण्याचा, त्यामुळे मानवतं.

मेथडला, म्हणजे प्रोग्राममधल्या एखादं काम करणाऱ्या तुकड्याला, दिलेली एकच यादी आत जाताच सुटते आणि वेगवेगळ्या नावांत वाटली जाते. तो भाग लोटे गावच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या एका माणसानं सुट्टीच्या दिवसांत लिहिला होता. एकदा हातखंब्याला चहा पिताना त्यानं समजावलं, "ताई, गाठोडा येताना एकच येतो. तो बिननावाच्या जागेत ठेवायचा. मग सोडायचा, नि एकेक वस्तू ज्याच्या त्याच्या नावावर." वस्तू कमी पडल्या, तर उरलेली नावं रिकामी. आणि जास्त झाल्या तर? "जास्तीचा टाकायचा. गपचूप." का, ते विचारणार तोच त्याची खेडची एसटी आली.

ते गपचूप मला फार खटकलं. मसुद्यात मी ठोकून दिलं, "जास्तीचे घटक सूचना न देता गळतात. ही या भागातली हयगय आहे." मसुदा त्याला पाठवला. या भाषेवर काम करणाऱ्या आम्हा लोकांत रीत अशी की सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर संमती धरायची. आठव्या दिवशी पान वेबसाइटवर चढवलं. चूक दाखवली की माणसं गप्प बसतात, असं मनाशी म्हणालेही.

त्या आठवड्यात तो दवाखान्यात होता. तिथेच गेला.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, हे सुट्टीत कॉम्प्युटरवर काय करत बसायचे, ते आमाला कधी कळलाच नाय. मुलगी विचारते. कुठे लिहिलेला असेल तर दाखवा ना."

लिहिलेलं एकच पान होतं, माझं. त्यात त्याचं नाव नव्हतं, हयगय मात्र होती. माझी मलाच लाज वाटली. दोन दिवसांत पाठवते म्हणाले.

हयगयीचं वाक्य काढलं, त्याचं नाव घातलं. जास्तीचं का टाकायचं, ते कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. भाषेवर काम करणाऱ्या बाकीच्यांना विचारलं, तर ते त्यालाच माहीत, म्हणाले. तसंच पान पाठवलं.

संध्याकाळी मुलीचा मेसेज आला, "बाबांनी जास्तीचं असं गपचूप का टाकलं, ते पण लिहा ना."

मला ते माहीत नाही, एवढंही अजून तिला कळवता आलेलं नाही.