भांगेच्या तुऱ्याचा वास

हिमाचलच्या सहलीत रस्त्याकडेला भांग रानटी माजली होती. माझी धाकटी जाऊ सुजाता हिने एक तुरा बोटांत चोळून हुंगला.

"ताई, आधी लिंबू, मग मिरी! बघा ना."

मला नुसता गवताचा वास आला.

तुऱ्यावर बारीक केस होते आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. त्या थेंबातच झाड सुगंध तयार करतं. लिंबाच्या सालीत आणि मिरीत असतात तीच द्रव्यं. किडीला दूर ठेवण्यासाठी म्हणे. भांगेच्या नव्या जाती तयार करणारे असाच तुरा चोळून हुंगतात आणि मनात भरेल त्या झाडाचं बी धरतात. म्हणजे झाडानं कितीही राबावं, निवड शेवटी नाकानं करायची. आणि ते नाक सुजाताला मिळालंय. सहलीची आखणी, तिकिटं, औषधं सगळं माझ्याकडे. पण आमटीत काय कमी आहे, हे सासूबाई तिलाच विचारतात.

ती गाडीकडे गेली. मी दुसरा तुरा चोळला, मग तिसरा. बोटं काळी, चिकट झाली.

"अहो ताई, चला, सगळे खोळंबलेत!"

माझ्यामुळे आजवर कधी कोणी खोळंबलं नव्हतं.