वरून कॉफी

मोजणी खात्यात कारकून होतो तेव्हाची गोष्ट. कुंभकोणमहून समुद्राकडच्या एका खेड्यात कामाला गेलो होतो. साहेब बंगल्यात उतरला, मी एका मराठी जोडप्याच्या घरी. वाटसरूंसाठी त्यांनी दोन खोल्या ठेवल्या होत्या.

बखरीतल्यासारखं मराठी बोलणाऱ्या बाईंनी पितळी पेल्यात कढत कॉफी दिली. मी पुण्याचा, सरळ ओठ लावले. इकडे पेला उष्टा करत नाहीत, कॉफीसुद्धा वरूनच घशात ओततात. बाईंनी मुकाट्याने तो पेला घासला आणि मागच्या खिडकीत वेगळा ठेवला.

माझं डोकंच फिरलं. मला वाळीत टाकता काय? पुढचे चार दिवस मी सगळ्यांच्या वापरातलाच पेला मागून घेतला आणि वरून ओतून प्यायलो. नाक भाजलं, दोन सदरे डागाळले, पण निघायच्या सकाळी थेंबही न सांडता कॉफी प्यायलो आणि मिशीला पीळ दिला.

दोन वर्षांनी पुन्हा तिथेच उतरलो. बाईंनी खिडकीतून लख्ख घासलेला तोच पेला आणला.

"हा तेव्हाच तुम्हांसाठी वेगळा काढिला होता, निवांत ओठ लावून प्यावे म्हणून. तुम्ही उगाच नाक भाजून घेतलेत."