मिरच्या भाजल्या त्या वर्षीचं पाणी

आमच्या गावात आबांसमोर शिंकायला बंदी होती. तशी दवंडी कुणी दिलेली नव्हती, पण होती.

आबा म्हणजे बंधाऱ्याचे मुख्य पंच. आमचं गाव पांझरेच्या काठचं. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट निघतो, आणि पाटाखालच्या शेतांचे मोठाले तुकडे पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कुणी आपल्या हातानं घ्यायचं नाही. पंच सांगणार, पाटकरी एकेका शेताचं दार, म्हणजे पाटाच्या कडेचा मातीचा आडोसा, फोडणार, आणि शेतकऱ्यानं बांधावर बसून बघायचं. रीत चांगली होती. फक्त पंच पाच असून बोलायचे एकटे आबा. बाकीचे चौघं मान हलवायचे, आणि तीसुद्धा आबांची मान कुठे हलते ते आधी बघून.

आमचं शेत फडाच्या अगदी शेवटाला. घरात मी आणि सासूबाई. मालक भुसावळला रेल्वेत होते, सुट्टी मिळाली की यायचे, म्हणजे यायचे नाहीत. त्या वर्षी आमच्या फडात गहू होता. वर्षाचं खाणं त्यावरच. तो भिजला तर आम्ही घरी जेवणार, नाही भिजला तर मला सासूबाईंना घेऊन शिंदखेड्याला माहेरी जावं लागणार, आणि माहेरी माझ्या भावजया होत्या. त्यामुळे त्या हिवाळ्यात मला दुसरा विचारच सुचत नव्हता.

तर माघातली गोष्ट. आबांच्या ओट्यावर पाण्याच्या पाळ्या सांगायची बैठक होती. पाळ्या सांगण्याआधी आबा आपल्या आजोबांनी वाघ कसा मारला ते सांगायचे. गावाला तो वाघ पाठ होता. ओट्याखाली भाऊ म्हणून एकजण बसले होते, त्यांचं शेत पाटाच्या तोंडाशी. त्यांना तपकिरीची सवय. वाघ झुडपातून बाहेर निघाला आणि भाऊ शिंकले. आबा थांबले. वाघही थांबला.

"अपशकुन व्हयना," आबा म्हणाले. "याना पानी बंद."

चौघांनी मान हलवली. भाऊ पाया पडले, दुसऱ्या दिवशी तुपाचा तांब्या घेऊन गेले. आबांनी तूप ठेवून घेतलं. पाणी बंदच राहिलं.

त्याच दिवसांत मास्तर मारुतीच्या पारावर पेपर वाचून दाखवत होते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, मी खांबाआडून ऐकायची. लढाईचा काळ होता, बातम्या दूरदूरच्या असायच्या. मास्तरांनी वाचलं, की कुठल्याशा देशात माणसं रस्त्यावर उतरली आणि तिथल्या जुलमी राजाला गादी सोडून पळावं लागलं. सगळ्यांनी वा वा केलं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग तठे आते पानी कोन सोडस, मास्तर?"

मास्तरांनी पेपर उलटून पाहिला. म्हणाले, "माय, ते पुढचं उद्याच्या पेपरात येईल."

पेपर धुळ्याहून यायचा, कुणाच्या हाती लागला तर. उद्याचा आलाच नाही. त्या देशाचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माळ्यावरून मिरच्यांचं गाठोडं काढायला लावलं. मी म्हटलं, मसाल्याचे दिवस अजून लांब आहेत. म्हणाल्या, "आज वारा चांगला शे."

वारा आबांच्या ओट्याकडे जात होता. सासूबाईंनी गल्लीत तीन दगडांची चूल मांडली, वर मोठी कढई, आणि मी परतायला बसले. मिरची नंदुरबारकडची, तिखट. आबांचा वाघ झुडपात होता तोवर सगळं शांत होतं. मग एकजण शिंकला. त्याला वाचवायला दुसरा खोकला. मग भाऊ शिंकले, त्यांचं पाणी आधीच बंद, ते शिंकायला मोकळेच होते. मग पाटकरी, मग मास्तर, मग मान हलवणारे चौघं, एकामागून एक. कुणीतरी धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून ओरडलं, "आते कोनाकोनाना पानी बंद करशात, आबा? बठ्ठास्ना का?"

आबा उत्तर द्यायला उठले, तोंड उघडलं, आणि शिंकले.

"आबास्ना बी पानी बंद!" भाऊ म्हणाले.

गाव हसलं. आबांसमोर गाव हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. माणसं डोळे पुसत होती आणि हसत होती, मिरचीनं की हसण्यानं ते सांगता येत नव्हतं. आबा आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून चोपड्याला लेकीकडे गेले. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. पण रहा असंही कुणी म्हटलं नाही.

मग काय, गूळ वाटला, हलगी वाजली. मास्तरांनी पारावर भाषण केलं, आता इंग्रजही असेच जातील म्हणाले. सासूबाईंनी हळूच मला विचारलं, "त्यासले बी मिरच्या लागतीन का?" आमच्या घरात त्या सालच्या मिरच्या संपल्या होत्या.

आता नवे पंच. मुख्य म्हणून भाऊंनाच बसवलं, कारण पहिली शिंक त्यांची होती, हे कुणालाच नाकारता येईना. भाऊ म्हणाले, माझं पाणी बुडालंय, ते आधी भरून घेतो. रास्तच होतं. मग त्यांच्या शेजारच्यानं आठवण दिली की आबांनी त्यालाही एका दिवाळीला कोरडं ठेवलं होतं. तेही खरं. ज्याचा ज्याचा आबांनी छळ केला होता त्यानं आधी पाणी घ्यायचं ठरलं. छळ सगळ्यांचाच झाला होता.

पाटकरी बिचारा रोज सकाळी विचारायचा, कुणाचं ऐकू? त्याला रोज वेगळं नाव सांगायचे. पुढे लोक त्याच्या आधीच जाऊन आपापली दारं फोडायला लागले. कुणी भाऊंच्या शेताचं दार बुजवून आपलं उघडायचं, कुणी पुन्हा ते बुजवायचं. एक दिवस पाटकऱ्यानं फावडं मारुतीच्या देवळात भिंतीला टेकवून ठेवलं आणि बायकोच्या माहेरी निघून गेला.

आमच्या शेताशी पाट कोरडा. गहू ओंबीवर आला होता, दाणा भरायच्या वेळेला पान पिवळं पडायला लागलं. मी एकेका पंचाकडे गेले. पाचही जण हो म्हणाले. आबा नाही म्हणायचे, तेव्हा निदान नाही कुणी म्हटलं ते तरी कळायचं.

शेवटी पुन्हा बैठक बसली. लोक म्हणाले, आबांना आणू या, गाडी पाठवू या चोपड्याला. ज्यांनी गूळ वाटला होता तेच म्हणत होते. मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं, आबा आले तर आपल्याला पाणी मिळेल ना?

त्या जात्यावर बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मिळी. दुसरास्ले मिळी. मिरच्या कोन भाज्यात हाई आबास्ले माहीत शे, पोरी."

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आबा नसले तर गहू वाळणार, आबा आले तर आमचाच वाळणार. मी ओंबी चुरडून पाहिली होती, दाणा अजून दुधाचा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आधी मी देवळात गेले आणि फावडं उचललं. शेवटाकडच्या शेतांतल्या बायकांना हाक मारली. त्यांची पानंही पिवळीच होती, समजावायला काही लागलं नाही. आम्ही पाटाच्या तोंडापासून सुरुवात केली. एकेक दार चिखलानं बुजवायचं आणि त्यावर एक बाई सूप घेऊन बसवायची. भाऊंच्या दारावर मीच बसले.

भाऊ धावत आले. "वहिनी, हाई काय शे?"

"डाळ निवडते."

"मन्हा दारवर?"

"सावली बरी आहे इथे."

तिथे झाड नव्हतं. भाऊंनी वर बघितलं, खाली बघितलं. दारावर कुणी गडी बसला असता तर त्यांनी त्याला पाटात लोटला असता. परक्या घरच्या बाईला हात कसा लावणार? ते बांधावर बसून राहिले. मग बाकीचेही आले, आपापल्या दारापाशी बसून राहिले. पाणी आमच्या समोरून खाली जात होतं आणि सगळे बघत होते. दुपार कलली तेव्हा सासूबाईंनी शेवटाकडून पदर हलवला. पाणी पोचलं होतं.

आमच्या शेतातला वरच्या अंगाचा गहू हाती आला. कडेचा गेला, तो जनावरांना घातला. माहेरी जायची वेळ आली नाही.

चोपड्याची गाडी सुटली नाही, बैल सोडून दिले. पण फावडं परत मागायला कुणी आलं नाही, ते आमच्या दाराशीच राहिलं. पाटकरी परत आला आणि त्यानं मलाच विचारलं, कुणाचं ऐकू? मी म्हटलं, शेवटापासून सुरू कर, वर वर ये. तो तसं करायला लागला. लोकही त्याला विचारायच्याऐवजी मला विचारायला लागले. एकीनं तुपाची वाटी आणली. मी नको म्हणायच्या आत सासूबाईंनी ती रिकामी केली, विसळली आणि परत दिली.

चैत्रात एका दुपारी मी आणि सासूबाई बांधावर बसलो होतो. कुठेतरी खळं चालू होतं, भुसा उडत होता. भाऊ आले. दुसऱ्या फडातल्या उसाची पाळी विचारायला आले होते, पण बोलेनात. नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, दोन बोटांनी नाक गच्च धरलेलं.

मी म्हटलं, "शिंका ना, भाऊ."

"नही, नही, अक्का," ते नाकातून म्हणाले. आधी ते मला वहिनी म्हणायचे. "आधी पानीनं सांगा."

मी म्हटलं, परवा. त्यांनी मान हलवली, आणि तसंच नाक धरून चालायला लागले. बांध संपला, बाभळी आल्या, त्यांचं मुंडासं दिसेनासं झालं, तेव्हा कुठे मला शिंक ऐकू आली. लगेच दुसरी.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फावड्याचा चिखल खरवडायला घेतला.