माचू पिचूची खालची वाट

"मोठी आई, आईसोबत माचू पिचूले तू पण येतं का?" पुतण्याने फोनवर विचारलं तेव्हा मी चहा गाळत होते. गाळता गाळताच म्हटलं, "नको रे बाबू, माझं काय आता!"

"बरं," तो म्हणाला. "आई आली का? तिले तारखा सांगायच्या होत्या."

बरं! नुसतं बरं! मी गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजारामागे. खाली आम्ही नवरा-बायको, वर धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून ती सकाळचा चहा खालीच घेते, आणि रविवारी मुलाचा फोन यायचा असला की मोबाईल माझ्या ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. मुलगा तिकडे लिमात, पेरू देशात, दोन वर्षांच्या कामावर गेलेला. पेरूवरून जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे आमच्या गल्लीत आणि बुद्धविहारात होऊन गेले आहेत. मी नवा करत नाही.

तर 'नको'चं सांगते. आमच्याकडे जेवायला वाढताना पहिलं नको हे तोंडाचं असतं, दुसरं मानेचं, आणि तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात आला तर ते खरं. पहिल्याच नकोला पोळीचा डबा परत नेणाऱ्या घरी माणूस दुसऱ्यांदा जेवायला जात नाही. हे त्या पोराला मी स्वतःच्या हाताने वाढून शिकवलं होतं. पण तो परदेशात राहून साहेब झाला. तिकडे म्हणे एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. घ्या आता.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मला माचू पिचू बघायचं होतं, आणि ते त्याच्या शेजारी उभं राहून बघायचं होतं.

सदर भागातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. एका जुन्या कॅलेंडरमधलं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून मी दरवर्षी सहावीच्या वर्गात न्यायची. ढगांतला डोंगर, डोंगरावर दगडी गाव, मागे उंच सुळका. इंका लोकांनी चुना-माती न वापरता दगडाला दगड असा बसवला की मधे चाकूचं पातं शिरत नाही, असं सांगायची. पोरं जांभया द्यायची. एकच पोरगं ते चित्र घरी पुन्हा पुन्हा मागायचं, ते म्हणजे आमचा हा.

जाऊ विजेच्या ऑफिसात होती, साडेसहाला घरी यायची. माझी शाळा सकाळची, म्हणजे पोरगा दुपारभर माझ्याकडे. मला मूलबाळ नाही. त्याचं जेवण, गृहपाठ, रुसवेफुगवे, पहिल्यांदा दाढी करताना कापून घेतलेली हनुवटी, सगळं माझ्यासमोर झालं. पण साडेसहाला आईच्या स्कूटीचा आवाज आला की तो दप्तर तसंच टाकून वर पळायचा. ते दप्तर मी मागून नेऊन द्यायची.

आणि आता ते चित्र खरं बघायला कोण जाणार? तर जी अजून 'माचूपिच्चा' म्हणते ती!

त्या आठवड्यात माझा नुसता जळफळाट झाला. विहारात जाऊ सगळ्यांना सांगत होती, "मी पेरूले जाऊन राहिली. ताईंले पण म्हटलं होतं बाबूनं, पण त्या नाही म्हणाल्या." मला मिरची झोंबली. नाही म्हणाल्या म्हणे! तिने सदरमधून पांढरे स्पोर्ट शूज आणले, ते मी उलटेपालटे करून पाहिले आणि म्हटलं, "काहून वं, डोंगरावर चालली का वरातीत?" इतवारीच्या बाजारातून पोपटी रंगाचं जाड जाकीट आणलं तर म्हटलं, "हे घालून गेली तर तिकडची मेंढरं मागं लागतील." ती हसली. तिला राग येत नाही, हा तिचा आणखी एक दुर्गुण.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. "मोठी आई, तुझं पण तिकीट काढून राहिलो. पासपोर्टचा फोटो पाठव."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मी गपकन मिटलं. पासपोर्ट तयारच होता, विहाराच्या श्रीलंका सहलीसाठी काढलेला. आलं पोरगं भानावर, असं मनात म्हणत मी कपाट उघडायला गेले. माझे यजमान म्हणाले, "चेहरा तर पाहा आरशात." त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता.

पण या आनंदाला शेपूट होतं. तिथे म्हणे हल्ली मनाला येईल तसं फिरू देत नाहीत. वाटा ठरलेल्या. तिकिटावर वाट छापलेली, नाव छापलेलं, पासपोर्टचा नंबरही छापलेला. वरच्या वाटेने गेलं तर चित्रातलं ते सगळं दृश्य दिसतं. खालची वाट गावातून, भिंतींच्या मधून जाते. वरच्या वाटेची दोन तिकिटं त्याने आधीच काढून ठेवली होती, एक स्वतःचं, एक आईचं. माझं काढायला गेला तेव्हा वरची संपली होती.

"खालून दगड एकदम जवळून दिसतात, मोठी आई," तो म्हणाला.

"हाव, हाव," मी म्हटलं. "दगडच पाहायचे आहेत मले."

तीन विमानं बदलून लिमा, तिथून पुतण्यासोबत आणखी एक विमान आणि उंच डोंगरातलं कुस्को. तिथली हवा इतकी विरळ की जिना चढताना माझा श्वास अडकायचा. जाऊ मात्र टुणटुणीत. तिला इंग्रजी बेताचं, स्पॅनिश शून्य, तरी तासाभरात हॉटेलच्या मालकिणीशी तिची गट्टी जमली. तिने संत्रा बर्फीचा तुकडा पुढे केला, त्या बाईने कोकाच्या पानांचा चहा दिला, आणि दोघी आपापल्या भाषेत सुनांबद्दल की कोणाबद्दल बोलत बसल्या. मी तिथे शुद्ध इंग्रजीत "थँक यू" म्हटलं तर मालकीण मला नमस्कार करून निघून गेली.

सहलीच्या दिवशी पहाटेच गाडी आली. आधी गाडी, मग काचेच्या छपराची रेल्वे. बाजूने नदी धावत होती आणि डोंगर असे सरळ उभे की मान मोडेपर्यंत वर पाहावं लागे. समोरासमोर चार जागा होत्या. पुतण्या आईजवळ बसला, कारण तिला वळणावर मळमळतं. माझ्याजवळ एक अनोळखी म्हातारा बसला आणि घोरायला लागला. मलाही मळमळत होतं. पण मी सांगितलं नाही, आणि मला कोणी विचारलं नाही.

शेवटी बसने नागमोडी वळणं चढून दारापाशी पोहोचलो. तिथे दोन गाइड उभे होते, वरच्या वाटेचा वेगळा आणि खालच्या वाटेचा वेगळा. खालच्या वाटेवाल्याच्या हातात पिवळं फडकं बांधलेली काठी होती. त्याने यादीतून माझं नाव असं वाचलं की ते माझंच आहे हे कळायला मला वेळ लागला.

तेव्हा जावेने एकदम आपलं तिकीट माझ्या हातात कोंबलं. "ताई, तुम्ही जा वर. मी जातो खालून."

"नको," मी म्हटलं.

"जा ना. मले काय कळते त्यातलं?"

"नको म्हटलं ना."

"अजी, घ्या तर!" म्हणत तिने मला ढकललंच. पण दारावरच्या माणसाने पासपोर्टवरचा फोटो पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि बोट हलवून नाही म्हणाला. पुतण्या मधे पडून त्याच्याशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला. उपयोग झाला नाही. मला तर त्यातही जावेचाच राग आला. तिकीट तिच्याकडेच राहिलं आणि वर चांगुलपणाही तिलाच मिळाला.

आत गेल्यावर वाट फुटली. ते दोघं पायऱ्यांनी वर गेले. तो तिचा हात धरून चालला होता.

खालच्या वाटेवर आम्ही नऊ-दहा जण होतो, सगळे अनोळखी. गाइड भला माणूस होता. त्याने पायऱ्यापायऱ्यांची शेती दाखवली, बटाट्याचं सांगितलं, सूर्याच्या देवळाची गोल भिंत दाखवली. मला ते सगळं पाठ होतं. त्याने विचारलं, हे दगड कशाने जोडले असतील? मी म्हटलं, कशानेच नाही, चाकूचं पातंसुद्धा जाणार नाही. तो खूश झाला, त्याने मला 'प्रोफेसोरा' म्हटलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या घरचं कोणी ऐकायला नव्हतं.

एकतीस वर्षं ज्या भिंतींबद्दल बोलले त्या हातभर अंतरावर होत्या, आणि माझं डोकं सारखं वर. वरच्या बांधांवर मुंग्यांएवढी माणसं दिसायची, त्यांच्यात मी पोपटी जाकीट शोधायची. सापडलं की जीव जळायचा, ढगाआड गेलं की आणखी जळायचा. आता तो तिला सांगत असेल. आता सुळका दाखवत असेल. आता दोघांचा फोटो निघाला असेल, तो उद्या विहारात सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल. गाइड काय काय बोलला त्यातलं अर्धं मी ऐकलंच नाही. शिकवताना एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

दोन तासांनी बाहेर पडले तेव्हा जाऊ एका कट्ट्यावर बसलेली होती. पुतण्या परतीच्या बसच्या रांगेत लागला होता, जाताना आपला फोन तिच्याकडे देऊन गेलेला.

"कसं होतं वं वर?" मी अगदी साधेपणाचा आव आणून विचारलं.

"चांगलं होतं." तिचं तोंड उतरलेलं. एवढ्या वर्षांत तिला असं मी फक्त दीर गेले तेव्हा पाहिलं होतं. मग तिने फोनच माझ्यापुढे धरला. "पाहा."

पहिला फोटो तिचा, सुळक्यासमोरचा, डोळे मिटलेले. पुढचा खालच्या गावाचा. त्याच्या पुढचाही. मग फोटो जवळ ओढून काढलेले, धुरकट, हललेले. भिंतीपाशी घोळका, घोळक्यात माझी कथ्थई शाल. खिडकीपाशी माझी पाठ. पायरीवर मी. टाळ्या वाजत असतानाचीसुद्धा मी. बोट पुढे सरकवत गेले तरी माझेच फोटो संपेनात.

"दोन तास खालीच पाहून राहिला तो," जाऊ म्हणाली. "आई, मोठी आई दिसली का? आई, ती त्या गोल भिंतीपाशी असेल. आई, मोठी आई असं सांगायची, मोठी आई तसं सांगायची. मी बाजूले उभी होती, ताई. माझा एक फोटो काढला, त्यात पण डोळे मिटले. मी त्याची आई आहे ना? लय जळलं मले."

खोटं कशाला सांगू? मला उकळ्या फुटल्या. फोटोंचा आनंद झालाच, पण तिच्या उतरलेल्या तोंडाचा त्याहून जास्त झाला. बसमध्ये मी पुतण्याच्या शेजारी बसले आणि मळमळ कुठल्या कुठे गेली.

रेल्वेत तो चहा आणायला दुसऱ्या डब्यात गेला तेव्हा आम्ही दोघीच समोरासमोर होतो. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेतं वं? पहिलं तर त्यानं तुलेच बोलावलं. माझं तिकीट त्याले आठ दिवसांनी आठवलं."

"आठवलं नाही, ताई," ती म्हणाली. "मी सांगितलं. त्या हप्त्यात तीनदा फोन केला त्याले. तो म्हणे, मोठी आई तर नको म्हणाली. मी म्हटलं, बाबू, त्यांच्या नकोवर जाऊ नको, त्या चार दिवस झाले जेवल्या नाहीत धड. तरी तो ऐकेना. म्हणे, मोठ्या माणसावर जबरदस्ती कशी करू? शेवटी मी म्हटलं, त्या नाही तर मी पण येत नाही."

मी नदीकडे पाहत राहिले. ती भांडणाचा सूर अजिबात न लावता म्हणाली, "मी नको म्हटलं असतं, तर तुम्ही केला असता का फोन?"

सांगायला पुष्कळ काही होतं. केला असता, का नसता केला, तू काय परकी आहे का, असं सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही वं," मी म्हटलं. "नसता केला."

तिने मान हलवली आणि जाकिटाची बाही डोळ्यांना लावली. एवढ्यात पुतण्या चहाचे तीन कप सांभाळत आला. आमच्या दोघींच्या शेजारी एकेक जागा रिकामी होती. कुठे बसावं ते न कळून तो मधेच उभा राहिला.

"आईजवळ बस," मी म्हटलं.

तो लगेच बसला. मला वाटलं होतं, एकदा तरी विचारेल.